पांगीला न पोचलेले एअरशिप

मुहर्रकला विमानाचे दार उघडले आणि भट्टीसमोर उभे केल्यासारखे झाले. सप्टेंबर होता. हिमाचलातल्या पांगी खोऱ्यात तेव्हा मोटाररस्ता नव्हता आणि हिवाळाभर खिंड बंद असायची. तिथल्या दवाखान्यातून मी, एक डॉक्टर, बहारीनला आले होते ते एका फुग्यासाठी. इथली एक कंपनी भारताच्या उत्तरेकडच्या दुर्गम भागांसाठी मालवाहू एअरशिप, म्हणजे हलका वायू भरलेला, इंजिनाने चालणारा अवाढव्य फुगा, तयार करत होती. आमचे एक्स-रे मशीन दोन वर्षे खिंडीच्या चंब्याकडच्या बाजूला खोक्यांत पडून होते. पहिल्या फेरीत तेच नेऊ, असे कंपनीने मला लेखी कळवले होते.

माझा मावसभाऊ श्रीधर इथे बँकेत होता. अरादच्या त्याच्या घरी माचबूस (मसालेदार मटणभात) वाढताना तो म्हणाला, "ताई, उद्या आमचे डायरेक्टर्स येतायत. या कंपनीला कर्ज द्यायचं प्रपोजल माझंच आहे. तू फक्त दोन शब्द चांगले बोल."

सकाळी सहाला अस्करला पोचलो. ॲल्युमिनियमच्या कारखान्यापलीकडे रेताड माळावर कंपनीची पत्र्याची शेड होती. रुपेरी एअरशिपने वाळूची पोती अलगद उचलली. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या. डायरेक्टर्स अकराला आले, तोवर ते खाली बांधून ठेवले होते. मी पुन्हा उडवायला सांगितले, तर मेकॅनिक यूसुफ हिंदीत म्हणाला, "अभी मफी (नाही), डॉक्टर. गरम हवा पतली होती है. वजन नहीं उठेगा."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमची खिंड चौदा हजार फुटांवर आहे. तिथली हवा इतकी विरळ की चार पावलांत माणसाला धाप लागते.

मी कंपनीच्या साहेबाला विचारले, "खिंडीवरच्या हवेचा हिशेब केलाय?"

"ते इंजिनिअर पुढे बघतील," तो हसत म्हणाला.

म्हणजे सगळी आकडेमोड समुद्रकाठच्या हवेची! आणि भिंतीवर मोठे करून लावले होते माझ्या पेशंटांचे फोटो, पाठुंगळीवरून बर्फातून नेल्या जाणाऱ्यांचे. मीच पाठवलेले. डायरेक्टर्सपुढे एअरशिपकडे बोट दाखवून मी दोनच शब्द बोलले, "जाणार नाही." मग भिंतीवरचे फोटो एकेक करून उतरवले.

परतताना गाडीत श्रीधर म्हणाला, "प्रपोजल खलास. गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं, ताई?"

भारतात परतल्यावर चंब्याकडच्या बाजूला खेचरवाला प्रेमसिंग भेटला. खोकी दाखवताच म्हणाला, "डागदरनीजी, खोल के चार खच्चरों पे डाल दो. दो साल पहले भी यही बोला था."

बोलला होता. मशीनची काचेची नळी फुटेल म्हणून मीच नको म्हटले होते, आणि कंपनीचे पत्र आल्यावर तर त्याच्याकडे पाहिलेही नव्हते.

बर्फ पडायच्या आत, पाच दिवसांत मशीन पोचले. नळीला तडासुद्धा नव्हता. जनरेटर लावून पहिला फोटो काढला तो सुरजोबाईच्या पायाचा. गेल्या हिवाळ्यात ती छपरावरून पडली होती. साहेबावरचा राग अजूनही गेलेला नाही. पण त्या फोटोत हाड वाकडे जुळलेले स्वच्छ दिसत होते, आणि ते चाचपून, अंदाजाने बसवले होते मीच.