मामांची कोरडी नदी

रस्ता चुकल्यावर खूश होणारा माणूस सबंध अमेरिकेत मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच वाट्याला आला. हे आमचे मामा. नात्यानं माझ्या बायकोच्या, वृंदाच्या, मावशीच्या जावेचे भाऊ, म्हणजे पुण्यात असतो तर एखाद्या लग्नात लांबून नमस्कार करून पुढे गेलो असतो. पण त्या काळात मिनेसोटातल्या आमच्या ईडन प्रेरीत मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे एवढं नातं तिथे सख्ख्याच्याही वर जायचं. मामा मूळचे नागपूरचे, एकटे, लग्नाच्या फंदात न पडलेले, आणि कामानं माती तपासणारे इंजिनिअर. पूल बांधायच्या आधी तिथली माती काय म्हणते ते मामा सांगायचे. सवय अशी लागलेली, की आमच्या बागेतली मातीही ते चिमूटभर जिभेवर ठेवून बघत आणि मग वृंदाच्या हातचा चहा मागत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी चहाऐवजी डॉक्टरला फोन करायला निघालो होतो.

मामांचं प्रवासाचं शास्त्र वेगळं होतं. ज्या जागेचं पिक्चर पोस्टकार्ड मिळतं ती जागा बघायची नाही, हा पहिला नियम. जिथे पार्किंग लॉट आहे तिथे गाडी थांबवायची नाही, हा दुसरा. "जिथं पाटी लावली, तिथलं बघण्यासारखं होतं ते लोकं पाहून गेले, जावईबापू. आता तिथं फक्त पाटी उरली." मी हॉटेलचं बुकिंग केल्याशिवाय घराचं कुलूप न लावणारा माणूस. मामांबरोबर साधं ग्रोसरीला जायचं म्हटलं तरी मी सबब शोधायचो, कारण दूध आणायला निघालेले मामा वाटेत एखादा ओढा दिसला की त्याचा उगम बघायला वळत, आणि दूध राहून जाई.

तर या मामांच्या नादी लागून आम्ही थेट कॅरिबियन समुद्रात जाऊन पोचलो, त्याला कारण मात्र हौसेचं नव्हतं. एका हिवाळ्यात वृंदाची आई गेली. दापोलीकडून फोन आला, आवाज तुटत होता, आणि कळलं तेव्हा सगळं आटोपूनही गेलं होतं. आमच्या ग्रीन कार्डाचा अर्ज अडकलेला. वकील म्हणाला, आत्ता देश सोडलात तर अर्ज रद्द समजा. वृंदा गेली नाही. रडलीही नाही. ऑफिसला जायची, स्वयंपाक करायची, विचारलं तर "बरी आहे" म्हणायची. तिनं एकच गोष्ट मागितली: "मला आईला माझ्या हातानं तिलांजली द्यायचीय. वाहत्या पाण्यात. आमच्या गावाला खाडी समुद्राला मिळते ना, तशा ठिकाणी."

आता मिनेसोटात जानेवारीत वाहतं पाणी कुठून आणणार? तिथे नाकातला श्वासही गोठतो. मी एका गुरुजींना फोन केला. मुलीनं तिलांजली द्यावी की देऊ नये, यावर त्यांनी इतकं सविस्तर उत्तर दिलं की शेवटी द्यावी की नाही ते कळलंच नाही. मामांनी एका वाक्यात निकाल लावला. "देणारी तयार, घेणारी तयार. मधल्यानं काहून बोलावं?" दुसऱ्या दिवशी ते बर्फात भोक पाडायचं गिरमिट घेऊन दारात हजर. आम्ही गोठलेल्या तळ्यावर गेलो. मामांनी भोक पाडलं, आत वाकून पाहिलं, मग शेजारी बादलीवर बसलेल्या माणसाच्या गळाकडे पाहिलं आणि गिरमिट खांद्यावर टाकलं. "नाही. मासे धरायच्या भोकात वृंदाच्या आईला पाणी द्यायचं नाही. मी संगम शोधतो."

आणि त्यांनी पोर्तो रिको शोधलं. पासपोर्ट लागत नाही, शिक्का नाही, अमेरिकेतलीच जागा, आणि नद्या बारा महिने वाहणाऱ्या. मी वकिलाला पुन्हा पुन्हा विचारलं. तो शेवटी हसायला लागला, तेव्हा मी तिकिटं काढली.

विमानतळाबाहेर पडल्याबरोबर वृंदा थबकली. दमट वारा, नारळ, कुंपणाला लाल जास्वंद. तिनं स्वेटर काढून हातावर घेतला आणि खोल श्वास घेतला. मामांनी मात्र डोक्यावरची माकडटोपी काढली नाही, कारण त्यांच्या मते हवा बदलताना डोकं शेवटी उघडावं. आम्ही बेटाच्या वायव्येला एका वयस्क बाईंच्या घरी उतरलो. त्यांना फक्त स्पॅनिश येत होतं. मामा त्यांच्याशी सरळ मराठीत बोलत, आणि आश्चर्य म्हणजे हवं ते मिळत असे. परसात नीरफणस दिसला तेव्हा तर मामांनी स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. सोबत आणलेलं तिखट-मीठ लावून त्यांनी कापं तळली, बाईंनी खाऊन बोटं चाटली, आणि दोघं बराच वेळ आपापल्या भाषेत तेलाच्या भावावर बोलत असावेत असं मला वाटलं.

मग संगमाचा शोध सुरू झाला. माझ्या खिशात गाइडबुक होतं. त्यातल्या प्रसिद्ध धबधब्याच्या दिशेनं मी गाडी वळवली, तर समोर बसेसची रांग पाहून मामांनी स्टिअरिंगलाच हात घातला. त्याऐवजी आम्ही काय पाहिलं? चुनखडीच्या टेकड्यांमधली एक गुहा, जिच्यात नदी एका बाजूनं शिरते आणि कुठून बाहेर येते ते तिलाच माहीत. तिथे मी गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलो आणि माझा एक बूट पोर्तो रिकोला अर्पण झाला. डोक्यावरून वटवाघळं गेली. मामांनी भिंतीची माती चाखली आणि समाधानानं मान हलवली.

"मामा, हा संगम आहे का?" मी विचारलं.

"नाही. पण आलोच आहोत तर बघून घ्या."

हेच उत्तर मला गरम पाण्याच्या झऱ्यावर मिळालं, जिथे गावातले म्हातारे पाण्यात गळ्यापर्यंत बसून डाव खेळत होते. हेच कॉफीच्या मळ्यामागच्या हिरव्या डोहावर मिळालं, जिथे जायला वाट नव्हती आणि परत यायला तर नव्हतीच. एक मात्र कबूल करायला हवं. त्या डोहाकाठी वृंदा खडकावर बसली, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाली, "आई इथे बसून दिवसभर कपडे धूत राहिली असती." आई गेल्यापासून तिनं आईची आठवण सांगितली ती पहिल्यांदा. मी माझ्या उरलेल्या बुटाबद्दल काही बोललो नाही.

अखेर उत्तर किनाऱ्यावर ती जागा सापडली. माणूस नाही, पाटी नाही, नदी हिरवट आणि संथ, पुढे वाळूचा पट्टा कापून समुद्रात शिरणारी. वृंदानं मिनियापोलिसहून आणलेले काळे तीळ ओंजळीत घेतले. मीही हात जोडले. तेवढ्यात मामांनी खिशातून होकायंत्र काढलं.

"दक्षिण मागे आहे," ते म्हणाले.

पितरांना पाणी द्यायचं ते दक्षिणेकडे तोंड करून, हे कोणत्याही मराठी घरात पोराला माहीत असतं. पण आम्ही उभे होतो उत्तर किनाऱ्यावर. दक्षिणेला तोंड केलं की समोर एक पत्र्याची शेड आणि तिच्या दारात झोपलेला कुत्रा, आणि समुद्र पाठीमागे. मामांनी वृंदाला चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. काही जमेना. "आईला पाणी देताना समुद्राला पाठ दाखवायची? नाही पटत." वृंदानं मुकाट्यानं तीळ पुन्हा रुमालात बांधले. तिचा चेहरा पाहिला आणि माझं डोकं फिरलं.

"मामा, परवा परत जायचंय. ती किती वेळा मूठ उघडणार आणि मिटणार? हा तुमचा सर्व्हे नाहीये."

मामा रागावले नाहीत. "चिडू नका. या बेटाला दक्षिण किनाराही आहे. उद्या घाट ओलांडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाट चढायला लागलो. वळणावळणाचा रस्ता, केळी, कॉफी, उतारावर उमललेली रानफुलं, आणि मामांची टकळी सुरू. "हे बघा, वारा इकडून येतो. पाऊस सगळा या बाजूला पडतो. ही समजा कोकणाची बाजू. पलीकडे उतरलं की देशावर आल्यासारखं, सगळं कोरडं, निवडुंग." मी गाडी चालवता चालवता ऐकत होतो. मग हळूच विचारलं, "मामा, पलीकडे पाऊसच नसेल, तर नदीला पाणी असेल का?"

माती तपासण्यात हयात घालवलेला माणूस, सह्याद्री तोंडपाठ असलेला, पण दक्षिण दिशेच्या नादात पर्जन्यछाया विसरला होता. त्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली उतरेपर्यंत ती नुसती कुरवाळत राहिले.

नदी कोरडी होती. पुलाखाली गोटे, पुढे काटेरी झुडपं, आणि मुखापाशी नुसता वाळूचा बांध. पलीकडे निळाभोर समुद्र, अगदी दक्षिणेला, हवा तसा समोर. मध्ये थेंबभर पाणी नाही. मामा बांधावर उभे राहून म्हणाले, "चुकलो ग, वृंदा." एवढं साधं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता हिचा बांध फुटेल आणि कोण कोणाला सावरणार? ती नुसती वाळूत बसली.

मग मामांनी चिमूटभर वाळू उचलली. सवयीनं जिभेवर ठेवली. पँटचे पाय वर दुमडले, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी वाळू उपसायला लागले. काय चाललंय ते वृंदाला माझ्याआधी कळलं. उन्हाळ्यात नदी आटली की पात्रातली वाळू उकरून पिण्याच्या पाण्यासाठी झिरा काढतात, तसा मामा झिरा काढत होते. तीही उकरायला लागली. मग मीही. कोपरापर्यंत खड्डा झाला तेव्हा तळाची वाळू काळी पडली, आणि बाजूंनी पाणी हळूहळू येऊन साचलं. गढूळ होतं, मग निवळलं.

मामांनी चाखून पाहिलं. "गोडं आहे. नदीच आहे ही. वरून दिसत नाही एवढंच, खालून चालली आहे समुद्राकडे."

वृंदा दक्षिणेला तोंड करून बसली. ओंजळीत पाणी घेतलं, तीळ घेतले, आईचं नाव घेतलं. अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडताना तिचा आवाज फुटला, आणि मग ती रडली. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी, आई, आई म्हणत. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मामा थोडे दूर जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. निघताना त्यांनी तो खड्डा वाळूनं बुजवला. उघडा झिरा ठेवू नये, गुरं पाय घालतात, म्हणाले. तिथे दूरवर एकही जनावर नव्हतं.

परतीचा घाट चढताना वृंदा बोलत होती. आईचं खोबरं किसणं, आईचं रागावणं, आई रेडिओवरच्या बातम्यांना उत्तरं द्यायची ते. सबंध रस्ताभर. मामांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. ज्यांनी मामांना ओळखलं असेल त्यांनाच कळेल, हे केवढं कष्टाचं काम त्यांनी केलं. विमानतळावर तपासणीवाल्यानं त्यांचे पेरू अडवले, कारण बेटावरची फळं बाहेर नेता येत नाहीत. मामांनी ते तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाकले, एक त्या साहेबाच्या हातात दिला आणि वर मीठही भुरभुरलं. वृंदा इतकी हसली, की मागच्या रांगेतले लोकही हसायला लागले.

घरी आल्यावर तिनं मामांना वाकून नमस्कार केला. "मामा, तुमचे उपकार कसे फेडू?" मला वाटलं, आता ते खेकसणार. पण ते तिच्याकडे न बघता बुटाची नाडी बांधत म्हणाले, "उपकार कसले? इतकी वर्षं असल्या जागा एकटाच बघत आलो. एकट्यानं बघितलेलं बघितल्यासारखं वाटत नाही ग. घरी येऊन सांगायचं कोणाला?"

त्यानंतरची कित्येक वर्षं आम्ही प्रत्येक सुट्टीत त्यांच्या मागे मागे चिखलात गेलो, आणि मी तक्रार केली नाही, म्हणजे फारशी केली नाही. आता मामा नाहीत. सुट्टी जवळ आली की वृंदा आणि मी टेबलावर नकाशा पसरून बसतो. छान छान जागा दिसतात. मग ती चहा करायला उठते, मी नकाशाची घडी घालतो, आणि कुठे जायचं ते काही ठरत नाही.