जन्मखुणेच्या आड आलेली धूळ

"पत्रकं परत मागव," माझे मार्गदर्शक सर म्हणाले. "ती खूण नाही. धूळ आहे."

पत्रकं सालेकशाजवळच्या आमच्या गावात, बुद्धविहारात वाटूनही झाली होती. मथळा माझाच: ‘विश्वाची जन्मखूण सापडली!’ रविवारी तिथेच माझं भाषण होतं. चळवळीत वाढलेली मी. आधी मथळा, मग मजकूर. पुण्यात दुर्बिणीच्या डेटावर काम करतानाही ती खोड गेली नाही.

प्रकाशाच्या लहरी एरवी सगळ्या दिशांनी थरथरतात. एकाच दिशेत जास्त थरथरल्या, की तो प्रकाश पोलराइज्ड. विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशात या दिशांची पुसटशी, भोवऱ्यासारखी नक्षी असावी. अगदी पहिल्या क्षणाची. अजून कुणालाच मिळालेली नाही. मला ती हवी होती. जेवताना, बसमध्ये, तीच डोळ्यांपुढे.

पण मध्ये आपल्या आकाशगंगेची धूळ आहे. तिचे लांबट कण चुंबकीय क्षेत्रामुळे एका रोखाने लागतात आणि त्यांचा प्रकाशही पोलराइज्ड होतो. फरक ओळखायला जास्त फ्रिक्वेन्सीचा आकाशाचा मॅप बघतात. तिथे धूळ उजळते. तो मॅप यायच्या आधीच मी पत्रक छापून मोकळी. मॅप आला, तर माझी नक्षी त्यात लखलखत होती.

"भाषण रद्द कर. गावाला काय कळणार आहे?"

माझं डोकं फिरलं. "सापडलं तर गावाला सांगायचं, चुकलं की दडवायचं? मी जाणार, सर."

रविवारी विहारात सगळं सांगितलं. मग मागून माझे बाबा म्हणाले, "म्हंजे इतके दिवस तू धुळीचा फुफाटाच पाहून राहिली होती का, बाई?"

लोक खदखदून हसले.

"हो, बाबा."

"मंग फुफाट्यानं काई सांगतलं का नाई? धान झुकला, का वारा कोनीकडून गेला ते समजते."

"सांगितलं. आकाशगंगेचं चुंबकीय क्षेत्र कुठून कसं जातं ते."

"मंग ते लिव ना!"

"पण मला ते नको होतं, बाबा."

बाबा म्हणाले, "आमालेई सोताचं वावर, सोताची बांधी पायजे होती. जिंदगीभर लोकायच्या बांधीत धानाचे रोपं लावत रोवना केला. पन रोवना सुदाच केला, एकई रांग वाकडी नाई."

आता मी धुळीचाच मॅप बनवते. तो नीट झाला, तरच डेटातून धूळ वजा करता येते. खाली काही उरतं का, अजून माहीत नाही. रोज बघते.

दुसरा मॅप आल्याशिवाय छापखान्यात जाऊ नये, एवढं शिकले. धुळीवरचं नवं पत्रक लिहून तयार आहे. मथळ्याची जागा कोरी ठेवली आहे.