पाठकोऱ्या कागदावरचा इशारा

सांगलीतल्या एका छापखान्यात मी अक्षरजुळणी करत होतो. माझ्याइतकं शुद्ध मराठी तिथं कुणी टाइप करत नव्हतं आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो. मग १९९९ साली छापखान्याचे कॉम्प्युटर सांभाळायला तासगावहून तो आला. जैन घरातला, द्राक्षबाग असलेला, पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेला. मालकांनी पहिल्याच दिवशी त्याला पंख्याखालची खुर्ची दिली. वर्षभर मी ती मागत होतो.

त्याला मी मनोमन ‘बागाईतदार’ म्हणायचो. मी पत्रकांवर वाढलेला. माझे वडील साताऱ्याला एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते आणि तीस वर्षं पत्रकं लिहीत होते: पाणवठ्यावर, शिष्यवृत्तीवर, गावच्या जत्रेत आमच्या लोकांकडून करवून घेतल्या जाणाऱ्या फुकटच्या कामावर. मी वाचायला शिकलो तेच त्यांच्या ओल्या शाईवर. दुपारच्या जेवणाची सुट्टी मोडून मी त्यांची सगळी, शंभरावर पत्रकं कॉम्प्युटरवर टाइप केली. ती कोपऱ्यातल्या सर्व्हरवर होती. छापखान्याची सगळीच कामं तिथं साठवलेली असत.

त्या सर्व्हरमध्ये त्यानं दोन हार्डडिस्क बसवल्या. एकीवर जे लिहिलं जाईल तेच त्या क्षणी दुसरीवर. त्यासाठी वेगळं महागडं कार्ड नव्हतं, सगळं सॉफ्टवेअरच करायचं. शिवाय एक छोटा प्रोग्रॅम तासातासाला डिस्कची हालहवाल पाहायचा. दोन्ही धड असल्या की त्याच्या नोंदीत इंग्रजी यू हे अक्षर दोनदा दिसे. एक गेली की एका यूच्या जागी आडवी रेघ येई आणि प्रिंटरवर इशाऱ्याचा कागद निघे. एकदाच. कागद वाया जाऊ नये, ही मालकांची अट. तो हे समजावत होता आणि मी मान डोलावत होतो, जणू मला सगळं आधीच ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात वडील छापखान्यात आले. त्यानं त्यांना सर्व्हर उघडून दाखवला.

“म्हंजे एक मेली तरी दुसरी हाय?” वडील म्हणाले.

“व्हय काका. पर मेलेली लगोलग बदलाय पायजे. दुसरीबी गेली तर मग काय ऱ्हात न्हाई.”

“लय झ्याक काम केलंसा, सायेब.”

सायेब! वर्कशॉपातल्या अधिकाऱ्यालासुद्धा माझे वडील आडनावानं हाक मारायचे. आणि पंचविशीतल्या त्या पोराला सायेब. माझ्या टायपिंगबद्दल ते एवढंच म्हणाले होते, “दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलाय.”

साताऱ्याला परत गेल्यावर त्यांनी पत्रकांची जुनी ट्रंक रिकामी केली. मूळ प्रती वाड्यावस्त्यांवर वाटून टाकल्या. मी ओरडलो, तर म्हणाले, “पत्रक वाटायला असतंय, कोंडून ठेवायला न्हाई. आता सायेबांच्या मशिनीत हायत की.”

छापखान्यात पाठकोरा कागद फेकत नाहीत. एका बाजूला छापून वाया गेलेला कागद कच्च्या मजकुराला वापरायचा, अशी आमची रीत. मी प्रिंटरच्या ट्रेमधून असले कागद उचलायचो. छापलेल्या बाजूला त्याचं इंग्रजी असेल तर ते मुद्दाम वाचत नसे. अशाच एका कागदाच्या कोऱ्या बाजूवर मी पत्रक लिहायला घेतलं होतं: मूठभरांच्या हातातली यंत्रं. त्यात ‘यंत्राचे पुजारी’ असा शब्द होता. मला तो फार आवडला होता.

एका सकाळी पत्रक पक्कं करताना कागद उलटला आणि मला एक यू आणि एक आडवी रेघ दिसली. वर तारीख आठ दिवसांपूर्वीची.

मी कागद खणात टाकला. का, ते लपवत नाही. दुसरी डिस्कही गेली तर मालक त्याला सगळ्यांसमोर झापतील, पंख्याखालची खुर्ची सुटेल आणि वडील पुन्हा त्याला सायेब म्हणणार नाहीत, हे चित्र मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चघळत बसलो. मला ते गोड लागलं. डबा उघडला तेव्हा साताऱ्यातली रिकामी ट्रंक डोळ्यांपुढं आली. घास तसाच ठेवून मी उठलो आणि तो कागद त्याच्यापुढं ठेवला.

“हा कागद कवाचा हाय रं?”

“वर तारीख हाय की.”

“आठ दिवस? गड्या, आठ दिवस तुझ्याकडं?”

“पाठकोरा म्हणून उचललता.”

त्यानं कागद उलटला. चार ओळी वाचल्या. “यंत्राचे पुजारी म्हंजे मी व्हय?”

“व्हय.”

“बरं लिवलंयस. आता फ्लॉप्या आण. आदी तुझ्या वडिलांची पत्रकं काढून घिऊ, मग डिस्कला हात लावू.”

हे मला सुचायला हवं होतं. माझ्या बापाची पत्रकं, आणि आधी आठवण झाली ती त्याला. त्या क्षणी मला त्याचा जितका हेवा वाटला, तितका खुर्चीमुळं कधीच वाटला नव्हता.

सहा फ्लॉप्या भरल्या. मग तो मोटारसायकलवरून मिरजेहून नवी डिस्क घेऊन आला. धड उरलेल्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरू लागलं. पडद्यावर टक्के सरकत होते आणि तेवढा वेळ त्या एकट्या डिस्कनं दम धरायला हवा होता. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसून होतो. साडेचारला दोन यू पुन्हा दिसले.

मालक आले. “आठ दिवस कळलं कसं न्हाई?”

“प्रिंटरनं घोटाळा केला, मालक,” तो सहज म्हणाला.

तो मला वाचवत होता. पंख्याखालची खुर्ची त्याची, वडिलांचं ‘सायेब’ त्याचं, आणि आता हा मोठेपणाही त्याचाच. एवढं मी त्याला मिळू देणार नव्हतो.

“प्रिंटर चांगला हाय,” मी म्हणालो. “कागद माझ्याकडं होता. आन आज सकाळी वाचल्यावरबी मी चार तास दाबून ठिवला.”

चार तासांचं त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग तो पाठकोरा कागद उचलून ‘यंत्राचे पुजारी’ पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला.