ड्युटीताईंचा आकडा

बस डेपोच्या कचेरीत एक जाळीची खिडकी होती आणि खिडकीआड सव्वीस वर्षं ड्युटीताई बसत होत्या. कोणत्या ड्रायव्हरनं कोणती बस, कोणत्या मार्गावर, किती वाजता काढायची, याचा तक्ता त्या लावायच्या. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. कुणाची पाठ धरते, कुणाला पहाटेची पाळी झेपत नाही, कुणाचं कुणाशी पटत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. कचेरीत कॉम्प्युटर आल्यावरही ड्रायव्हर आधी खिडकीशी यायचे आणि मग पडद्याकडे बघायचे.

म्हणूनच चुका व्हायला लागल्या तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. एका सकाळी आठ नंबरच्या मार्गावर दोन ड्रायव्हर हजर आणि सात नंबरची बस फाटकाशी रिकामी उभी. आठवड्याभरात पुन्हा तसंच. एकानं रजा मागितली होती शनिवारची, ताईंनी लिहिली रविवारची. आधी लोक हसले. मग हसायचे थांबले, आणि ताईंना त्याचंच जास्त लागलं.

डेपो मॅनेजर माणूस सरळ होता. त्यानं दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "ताई, राग मानू नका. दगदग होत असेल तर स्टोअरला बदली देतो. टायर-ट्यूब मोजायचे, डोक्याला ताप नाही."

"माझं डोकं ठीक आहे," ताई म्हणाल्या.

घरी आल्यावर मात्र त्यांना आई आठवली. तिचंही असंच सुरू झालं होतं. आधी वार चुकायला लागले, मग माणसं. ताई आत्ता कुठे त्रेपन्नच्या.

लेकीनं फोनवर बुद्ध्यंकाची चाचणी काढून दिली. वीस मिनिटं ताईंनी चौकोन-त्रिकोण जुळवले आणि आकडा आला एकशे अडतीस. लेक खूश. ताईंचे यजमान लेथवर काम करणारे, मापातला माणूस. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हे मोजलं कुणी?"

"फोननं."

"मग फोनला विचारा, त्याला मोजायला कुणी शिकवलं."

दुसऱ्या दिवशी ताईंनी तो आकडा मॅनेजरला दाखवला, तर त्याचं उत्तरही काही वेगळं नव्हतं. तेव्हा ताईंनी ठरवलं, रीतसर चाचणी करून घ्यायची आणि कागद मॅनेजरच्या टेबलावर ठेवायचा. फी ऐकून यजमानांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण ते एवढंच म्हणाले, "मनाची धाकधूक जाणार असेल तर जा."

मानसशास्त्रज्ञ बाई लेकीपेक्षा फार मोठ्या नव्हत्या. खोलीत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, एक स्टॉपवॉच. बाईंनी पहिल्यांदा विचारलं, "आकडा कशासाठी हवाय?" ताईंनी सगळं सांगितलं, आईचंही. बाईंनी ते लिहून घेतलं.

दोन तास चाचणी चालली. रंगीत ठोकळ्यांची नक्षी ताईंनी भराभर जुळवली. चित्रांतलं काय चुकलंय ते पटापट सांगितलं. मग बाईंनी अंक म्हणायला घेतले, ऐकून तसेच परत म्हणायचे. ताई खाली मान घालून, डोळे मिटून ऐकत होत्या.

"सात, तीन, एक, आठ."

"आठ, तीन, एक, आठ."

तिथून गाडी घसरली ती घसरलीच. शब्दांचे अर्थ सांगतानाही दोनदा भलतंच उत्तर गेलं. पुढचा भाग आला अंक उलटे म्हणायचा. तो तर आणखी अवघड, पण आता ताई घाबरून बाईंच्या तोंडाकडे टक लावून बसल्या होत्या, आणि एकही अंक चुकला नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. चाचणी संपल्यावर त्यांनी एक कोरा कागद ओठांसमोर धरला. "मी म्हणेन तो शब्द म्हणा. सात."

"आठ."

"साठ."

"आठ."

"काठ."

ताईंना नुसता 'आठ'सारखा आवाज आला होता.

"मी आज एकूण आकडा देणार नाही," बाई म्हणाल्या. "बेरीज करता येईल, पण ती तुमची नसेल. ठोकळ्यांत तुम्ही पुष्कळांच्या पुढे आहात. अंक विसरत नाही तुम्ही, तो ऐकूच येत नाही नीट. आधी कान दाखवा."

ताई घरी आल्या त्या चिडूनच. एवढे पैसे मोजून हातात आकडाच नाही. लेक म्हणाली, फसवलं. यजमान मात्र म्हणाले, "टीव्हीचा आवाज वाढवतेस ना हल्ली. मला वाटलं, मालिकाच आरडाओरड्याची आहे."

कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं. दोन्ही कानांची बारीक, उंच आवाज ऐकायची ताकद गेली होती. कचेरीत ताईंच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडे डेपोचा हवा भरायचा कॉम्प्रेसर होता, सव्वीस वर्षं दिवसभर फटफटणारा. डॉक्टर म्हणाले, कारण तेच असेल असं छातीठोक सांगता येत नाही, पण तिथून उठा.

ताईंनी कानांत ऐकायची यंत्रं बसवली. पहिल्या दिवशी कागद उलटल्याचा आवाजही अंगावर आला. त्यांनी मॅनेजरला कानाचा अहवाल दाखवला आणि खिडकी दुसऱ्या भिंतीला हलवून मागितली. त्यानं हलवून दिली. वर ताईंनी नियम केला, ड्युटीची मागणी चिठ्ठीवर लिहूनच द्यायची. ड्रायव्हर कुरकुरले, महिन्याभरात सरावले. सात नंबर वेळेवर सुटायला लागली.

आठ महिन्यांनी मानसशास्त्रज्ञ बाईंनी ऐकण्याचे भाग नव्या प्रश्नांनी पुन्हा घेतले. आकडा आला एकशे तेरा. सरासरीहून बरा, फोनपेक्षा पुष्कळ कमी. ताईंना किंचित वाईट वाटलं, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. आई मात्र त्यांना आता पुन्हा पुन्हा आठवत नव्हती, आणि झोप लागत होती.

यजमानांनी कागद वाचला. "म्हणजे पास?"

"नापास कुणीच होत नाही त्यात."

पुढे एक ड्रायव्हर खिडकीशी आला. त्याच्या मुलीला शाळेनं अशीच चाचणी करायला सांगितली होती. "ताई, करावी का? उपयोग होतो का काही?"

"शाळेला नेमकं काय कळून हवंय, ते विचारून ये," ताई म्हणाल्या. "वाचता येत नाही म्हणून करतायत, की नुसता आकडा हवाय? वाचण्यासाठी असेल तर कर. आणि पोरीसमोर बसून तिच्याकडे बघणारं माणूस शोध. मला आकड्याचा काही उपयोग झाला नाही, त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं त्याचा झाला."

"बरं," ड्रायव्हर म्हणाला. "आणि माझी उद्याची दुपारची पाळी..."

"चिठ्ठी," ताई म्हणाल्या आणि जाळीतून कागद पुढे सरकवला.