सरमंडलांच्या फियाटचं ऑइल

माधव नगरात कोणाच्या घरी काय शिजतंय हे आधी माझ्या नाकाला कळतं आणि मग त्या घरच्या सुनेला, असं लोक म्हणतात. मी नाकारत नाही. कोणाचा मुलगा इंदूरला कोणाच्या मुलीबरोबर दिसला, कोणाची बदली खरी आणि कोणी ती पाय धरून मागून घेतली, हे सगळं मी फ्रीगंजच्या बाजारात भाजी घेता घेता वाटून टाकतो. अशा माणसाने आयुष्यात एकच गोष्ट पोटात ठेवली, सहा महिने, आणि नेमकी तीच ठेवायला नको होती.

गोष्ट विलास सरमंडलची. सिंचन विभागात ओव्हरसियर होता. त्याचे कोणी पूर्वज दरबारात होते, आणि विलास ते दर तिसऱ्या वाक्याला सांगायचा. आम्ही म्हणायचो, असतील रे, दौतीत शाई भरायला कोणीतरी लागतंच. तो रागवायचा नाही. तो फक्त त्याच्या फियाटवरून काही बोललं तर रागवायचा. एका डॉक्टराकडून जुनी घेतलेली पांढरी फियाट. नोकरीत असताना दर रविवारी सकाळी रजनीवहिनींना शेजारी बसवून तो फ्रीगंजचा पूल चढायचा, पलीकडे देवास गेटला उतरायचा, कचोरी घ्यायचा आणि परत. रस्त्यात कुत्रं नसलं तरी हॉर्न. वहिनी मांडीवर पर्स धरून अशा ताठ बसायच्या की वाटे, माहेरून नुकत्याच आल्या आहेत. पुढे गाडी बंद पडली आणि तेरा वर्षं घराशेजारच्या पत्र्याखाली उभी राहिली.

मागच्या दिवाळीच्या आधीची दिवाळी. विलास डोळे दाखवून इंदूरहून आला आणि मला आणि मधुकरला बोलावून घेतलं. काचबिंदू होता. बाजूचं दिसणं गेलंच होतं, मधलं शिल्लक होतं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की औषधाने फक्त उशीर होईल. एक वर्ष, फार तर थोडं वर. वहिनी आत पोहे परतत होत्या, झारा जरा जोरातच वाजत होता. विलास म्हणाला, "मला ती एकदा चालवायची आहे. देवास गेटपर्यंत आणि परत. पहाटे, रस्ता रिकामा असतो तेव्हा. दिसतंय तोवर."

आता मधुकरबद्दल सांगितलं पाहिजे. मधुकर कापडाच्या मिलमध्ये फिटर होता. मिल बंद पडली तेव्हा तो चाळिशीचाही नव्हता, आणि त्यानंतर तीस वर्षं त्याच्या हाताला दुरुस्त करायला काही मिळालं नाही. बायकोचं मिक्सर त्याने इतक्या वेळा खोललं की ती शेवटी शेजारी जाऊन चटणी वाटून आणायची. त्या संध्याकाळी त्याने बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "यात है क्या? सहा माग एकट्याने सांभाळलेत मी. मेकॅनिक-बिकॅनिक कोणी नको." तो आमच्यात दोन वर्षांनी मोठा. मोठ्याच्या शब्दाला काट मारायची नाही, ही आमच्या मराठी घरांतली जुनी खोड. विलासने मारली नाही. मी तर पोहे खात होतो.

काम सुरू झालं. मागच्या कमानीचे, म्हणजे स्प्रिंगचे, पट्टे बसून गेले होते, गाडी मागून जमिनीला टेकायला आली होती. फियाटचे पट्टे मिळेनात तेव्हा मधुकरने देवास गेटजवळून कुठल्याशा मालट्रकचे पट्टे कापून आणले. गाडी मागून एवढी वर आली की वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यात बसायचं की यावरून घसरायचं?" पुढचे शॉकअप गळत होते, बॉनेटवर हात टेकला की गाडी तीनदा खाली-वर व्हायची. मधुकर म्हणायचा, वजन पडलं की बसेल. मग एंजिन. पिस्टनच्या रिंगा बदलल्या, कार्बोरेटर रॉकेलने धुतला. विलास स्टुलावर बसून एकेक नट कपड्याने पुसायचा, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून. मी चहा, बातम्या आणि सल्ले पुरवायचो. खरं सांगतो, आम्हा तिघांचे इतके चांगले दिवस बऱ्याच वर्षांत गेले नव्हते.

होळीच्या चार दिवस आधी गाडी सुरू झाली. विलास चालवायला बसला. गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल, स्पीडब्रेकरवरून गाडी होडीसारखी हलली, आणि बॉनेटखालून वाफ. पाण्याचा पंप जाम होता. तो तपासला का, असं विलासने आदल्या दिवशी विचारलं होतं आणि मधुकरने मान डोलावली होती. आम्ही ढकलत परत आणली. शेजारच्या बायका गच्चीवरून बघत होत्या. वहिनी पदराने हसू झाकत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकर गेलो. विलास आत अंघोळीला होता. मधुकरने ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली होती आणि तो तिच्याकडे बघत उभा होता. पट्टीवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. मलाही एवढं कळतं: ऑइलमध्ये पाणी आलं. म्हणजे एंजिन तापून आत कुठेतरी तडकलं. मधुकर हळूच म्हणाला, एंजिनचा ब्लॉकच गेला असेल तर आपल्या हातचं काम नाही. मग चपलांचा आवाज आला, आणि मधुकरने पट्टी पुसून आत सरकवली.

विलासने स्टूल ओढलं आणि विचारलं, "ऑइलचा रंग कसा आहे रे?"

मधुकर म्हणाला, "एकदम साफ."

विलासने माझ्याकडे तोंड वळवलं. मी म्हणालो, "साफ आहे."

एवढंच. मी नंतर स्वतःला पुष्कळ समजावलं की त्याला वाईट वाटू नये म्हणून. ते अर्धं खरं. मधुकरला आपला तीस वर्षांनी मिळालेला मान सोडवत नव्हता. आणि मला? काम संपलं असतं तर सकाळचे पोहे, विलासचा ओटा, त्या दोघांची भांडणं, सगळंच संपलं असतं. घरी माझ्याशी बोलायला टीव्हीच आहे.

त्यानंतर मधुकर तेच ते काम करत राहिला. गॅस्केट तीनदा बदललं. विलास येण्याआधी तो ऑइल काढून नवीन भरायचा, आणि एंजिन जरा फिरवलं की ते पुन्हा चहा. विलासने चैत्रात एकदा विचारलं की इंदूरला त्याचा पुतण्या तुषार आहे, तुषारच्या ओळखीचं वर्कशॉप आहे, विचारू का. मधुकर म्हणाला, काय जरूरत आहे, फक्त टायमिंग बाकी आहे. वैशाखात पुन्हा विचारलं. तेव्हा मीच म्हणालो, कशाला, घरचं काम घरी बरं. पुढे त्याने विचारलं नाही. नट पुसताना आता तो ते डोळ्यांपर्यंत नेत नव्हता, बोटांनीच चाचपायचा. आम्ही ते पाहिलं, आणि गुन्ह्यातल्या वाटेकऱ्यांसारखं एकमेकांकडे बघणं टाळलं.

गौरीच्या जेवणाला तुषार विलासकडे आला, आम्ही दोघं होतोच. जेवून हात धुतले, बाहेर आला, सवयीने बॉनेट उघडून पट्टी काढली.

"काका, हे काय? चहा झालाय याचा. ब्लॉक क्रॅक आहे."

विलास सुपारी कातरत होता. त्याने विचारलं, "कधीपासून?"

तुषारला वाटलं, आपल्याला विचारलं. तो म्हणाला, मला काय माहीत. मधुकर पान्याशी खेळत होता. मग माझ्याच तोंडून निघालं, "होळीपासून."

विलासने अडकित्ता मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "होळीला मला समोरच्या फाटकावरचं नाव वाचता येत होतं."

फाटक पंचवीस पावलांवर आहे. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. वहिनी पानाचं तबक घेऊन आल्या होत्या, त्यांनी ते आमच्यासमोर न ठेवता तसंच परत नेलं.

तुषारने गाडी टेम्पोवर चढवून इंदूरला नेली. दुसऱ्या एका फियाटचं धड एंजिन मिळालं, मागचे पट्टे बरोबर मापाचे, शॉकअप नवे. अकरा दिवस लागले. मी मुद्दाम मोजले, स्वतःला टोचायला. दसऱ्याच्या आत गाडी परत दारात, आणि आवाज असा की आतल्या खोलीत कळू नये.

विलासने आम्हाला बोलावलं नव्हतं. आम्ही आपणहून गेलो, मधुकर माझ्या मागे. तुषार किल्ली देऊन इंदूरची बस पकडायला निघून गेला होता. विलास दार चाचपत आत बसला. किल्ली भोकात जायला वेळ लागला, कोणी मदत केली नाही. एंजिन पहिल्या झटक्यात लागलं. त्याने क्लच दाबला, गिअर टाकून बघितला, परत काढला. समोर काचेतून बघत राहिला. मी म्हणालो, कमीत कमी गल्लीच्या टोकापर्यंत, मी सांगतो ना, उजवीकडे, डावीकडे. तो म्हणाला, "अन्या, मला बॉनेट दिसत नाहीये."

वहिनी तयार होऊन बाहेर आल्या होत्या. चांगली साडी होती अंगावर. त्या पायरीवरच थांबल्या.

मधुकर इतक्या दिवसांनी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "मी चालवतो. तू शेजारी बस. वहिनी मागे. देवास गेट करून येऊ."

"शेजारी," विलास म्हणाला, "मी कोणाच्याही गाडीत बसू शकतो, मधू."

तो उतरला. दार त्याने सावकाश लावलं, जुनी सवय. मग हात पुढे करून वहिनींचा खांदा शोधला आणि दोघं आत गेली.

आम्ही दोघं तिथेच उभे. एंजिन चालूच होतं, अगदी गुळगुळीत. ते बंद कोणी करायचं, हे आम्हा दोघांत बराच वेळ ठरेना.