आधी कोणी जायचं

वहिनींना ‘नाही’ म्हणायला कधी जड गेलं नाही. सासरच्या हॉस्पिटलात त्या सर्व्हर सांभाळायच्या, आणि तिथले मुख्य डॉक्टर म्हणजे त्यांचे धाकटे दीर. घरी भावजी आणि कामावर साहेब, असली दुहेरी सोंगं वहिनींना जमत नसत. दोन्हीकडे भावजीच.

वादाचं मूळ कर्नलमध्ये होतं. कर्नल म्हणजे संगणकाच्या आतला कारभारी. मेमरी पार संपली की तो एखादा प्रोग्राम सरळ मारून टाकतो, बहुधा सगळ्यांत जास्त मेमरी खाणारा, आणि बाकीच्यांना जगवतो. अमक्याला हात लावू नकोस, असं त्याला आधी बजावून ठेवता येतं. वहिनी रजेवर असताना भावजींनी मागेल त्याला हे अभय वाटून टाकलं. बिलिंगला दिलं, औषधांच्या दुकानाला दिलं, दर्शनी दालनातल्या पडद्यावर चालणाऱ्या स्वतःच्या जाहिरातीला तर सगळ्यांत आधी. भल्या माणसाला कोणाचं मन मोडवत नाही म्हणे! मग मेमरी संपली, मारायला धड कोणी उरलं नाही आणि अख्खं मशीनच बसलं. सगळ्या पेशंटांचे ठोके एकत्र दाखवणारा आयसीयूतल्या टेबलावरचा पडदा काळा झाला आणि सिस्टर खाटेमागून खाट धावत सुटल्या. कोणी दगावलं नाही हे नशीब.

परत आल्यावर हे कळलं तेव्हा वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी सगळ्यांचं अभय काढलं, एकट्या आयसीयूचं ठेवलं, आणि पहिला बळी म्हणून भावजींची जाहिरात नेमली.

आज दालनात पाहुणे बसले होते. स्कॅनचे फोटो एकदम येऊन कोसळले, मेमरी संपली, आणि पडद्यावरचे भावजी बोलता बोलता गडप झाले.

खरे भावजी तणतणत वहिनींच्या खोलीत आले. “वहिनी, चारचौघांत शोभा केलीत माझी!”

“जाहिरात गेली, भावजी. आयसीयू चालू आहे.”

“उद्यापासून येऊ नका.”

“नाही येत. पण माझ्या जागी जो येईल, त्याला काम तुम्हीच सांगा. ‘मेमरी संपली की आयसीयू मार, माझी जाहिरात ठेव.’ एवढंच तर म्हणायचंय.”

तिथला पडदा या वेळी चालू राहिला हे सांगायला आयसीयूची सिस्टर दारात येऊन थांबली होती. भावजींनी तिच्याकडे पाहिलं, मग फरशीकडे.

“म्हणा ना,” वहिनी म्हणाल्या. “मोठ्याने म्हणा. ऐकू दे तिला.”