विंगेतली दुसरी खुर्ची

"आता मघाशी सांगितलेले पाच शब्द परत सांगा बघू, आजी," डॉक्टर संघमित्रा म्हणाल्या.

"नारळ, कंदील, गल्ली," नलूताई साटमांनी एका दमात सांगितलं आणि त्या थांबल्या. शेजारी बसलेली त्यांची सून मेघना खुर्चीच्या अगदी कडेला सरकली. तिचे ओठ हलायला लागले.

"हिला जरा बाहेर बसवा," नलूताई म्हणाल्या. "ही शब्द देतेय मला."

"मी कुठे बोलले, आई?"

"तोंड केलंस ना 'शे'चं!"

डॉक्टर हसल्या. "बरं, मीच मदत करते. एक फूल होतं."

"शेवंती. पण ते आता हिनंच फोडलं."

"आणि एक धातू."

"पितळ!" नलूताईंनी टेबलावर बोट आपटलं. "बघा. डोक्यात होतंच, फक्त पुढे येत नव्हतं. माझ्याकडच्या नटांचंही असंच व्हायचं."

नलूताई पंचेचाळीस वर्षं प्रॉम्प्टर आहेत, विंगेत बसून अडलेल्या नटांना शब्द देतात, हे डॉक्टरांना कुठून माहीत असणार? लालबागेत मात्र ते सगळ्यांना माहीत होतं. तरुणपणी नलूताई मिलच्या वाइंडिंग खात्यात सूत गुंडाळायला होत्या आणि नवरा साच्यावर, म्हणजे मागावर. नवऱ्याला नाटकाचं वेड. तो घरी पाठांतर करायचा, तेव्हा समोरच्याची वाक्यं बोलायला बायकोला बसवायचा. भाकऱ्या थापता थापता नलूताईंना सगळ्यांच्याच भूमिका पाठ होऊन गेल्या. एका प्रयोगाला त्याच्या नाट्यमंडळाचा प्रॉम्प्टर चष्मा घरी विसरून आला, आणि कुणीतरी त्यांना प्रेक्षकांतून उठवून विंगेत नेऊन बसवलं. त्या दिवशी बसल्या त्या बसल्याच. पुढे संप झाला, मिल गेली. नलूताई साड्यांना फॉल लावून घर चालवू लागल्या. नवराही गेला. पण वर्षाला एक नाटक आणि विंगेतली ती लाकडी खुर्ची चुकली नाही. त्र्याहत्तराव्या वर्षीही त्या चाळीचे तीन जिने दिवसातून दोनदा चढत, पहाटे परळच्या पुलापर्यंत फेरी मारून येत आणि दुपारी चष्मा न लावता सुईत दोरा ओवत.

म्हणूनच गेल्या महिन्यात त्यांनी एका पैठणीला खालच्या काठाऐवजी वरच्या काठाला फॉल लावला, तेव्हा घरात कुणी हसलं नाही. मेघनानं टाके उसवले. मग गॅसवर दूध राहिलं. मग एकदा बाजारातून येताना त्या दुसऱ्याच मजल्यावर थांबून कुलपात किल्ली फिरवत राहिल्या. हे सगळं एकापाठोपाठ झालं आणि मेघनानं डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. स्मृतीवर परिणाम व्हायला सुरुवात झाली आहे, आत्ता तो सौम्य आहे. काहींचा असाच राहतो, काहींचा वाढत जातो. तुमचा कुठल्या वाटेनं जाईल हे मी आज सांगू शकत नाही, त्या म्हणाल्या. सहा महिन्यांनी परत या. चालणं सोडू नका, माणसांत राहा.

"नाटक?" नलूताईंनी विचारलं.

"झेपेल तोवर अवश्य करा."

"झेपतंय की नाही ते कोण ठरवणार?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "आधी तुम्ही," त्या म्हणाल्या.

एवढं मिळालं, बस्स. नलूताई ताठ मानेनं बाहेर पडल्या.

पण घरात त्या दिवसापासून सगळेच प्रॉम्प्टर झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी घावन घालताना नलूताईंनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "मेघना, ते दे गो... ते..."

"चमचा?" मेघना धावली. "झारा? उलथनं? उलथनंच ना, आई?"

"पळी?" बाथरूममधून तोंडात ब्रश धरून मुलगा सुशांत ओरडला.

"गप रवा दोघांनी!" तव्यावरचं घावन करपलं. नलूताई बोटांनीच त्याची कड उचलत राहिल्या. त्यांना 'कालथा' हवा होता. उलथन्यासाठी त्यांच्या आईचा, कणकवलीकडचा शब्द. तो अगदी जिभेच्या टोकाशी आला होता, पण ह्यांनी तीन-चार परके शब्द मध्ये आणून उभे केल्यावर तो बिचारा मागच्या मागे फिरला. दुपारी कपडे वाळत घालताना तो आपणहून आला, तेव्हा सांगायला घरात कुणी नव्हतं.

त्यांना मेघनाचा राग येत नव्हता. ती पोर घाबरलेली होती. पण प्रॉम्प्टिंग कसं करू नये याचा तो नमुना होता, आणि ते त्यांना सोसत नव्हतं.

त्याच आठवड्यात मयूरचा फोन आला. मयूर म्हणजे मंडळाचा दिग्दर्शक. तेहतीस वर्षांचा, जाहिरातींच्या कंपनीत कामाला, आणि लहानपणी शाळेतून आल्यावर नलूताईंच्याच घरी जेवलेला.

"मावशी, एक आयडिया आहे. या वर्षी तू पहिल्या रांगेत बस. मस्त. पाहुणी म्हणून."

"म्हणजे विंगेत कोण?"

"आम्ही अ‍ॅडजस्ट करतो ना. तू टेन्शन नको घेऊ."

नलूताईंनी फोन खाली ठेवला आणि सुशांतकडे बघितलं. तो पेपरात तोंड घालून बसला होता.

"मयूरला तूच सांगितलंस ना, माझी खुर्ची परस्पर देऊन टाकलीस?"

"आई, स्पर्धेचा प्रयोग आहे. दोनशे माणसांसमोर काही झालं तर?"

"दोनशे माणसांनी आजवर मला बघितलंय कधी? मी विंगेत असते रे!" मग त्यांचा आवाज खाली आला. "मी विसरायला लागलेय, ते मला कळतंय. तुमच्याआधी कळलंय. पण उठायचं तर मी माझी उठेन. कुणी हाताला धरून उठवायचं नाही."

त्यांनी पुन्हा फोन लावला. "मयूर, रविवारी पूर्ण तालीम आहे ना? मी येते. तालमीत बघ आणि मग माझ्या तोंडावर सांग. फोनवर नको."

रविवारी मेघना त्यांच्याबरोबर गेली. त्यांना रस्ता सापडेल की नाही म्हणून, हे तिनं बोलून दाखवलं नाही, आणि नलूताईंनीही विचारलं नाही. तालीम चाळीमागच्या शाळेत होती, बाकं भिंतीला लावून. नाटक मयूरनंच लिहिलेलं: आई गेल्यावर दोन बहिणी तिची भांडी वाटून घेतात, त्याचं. थोरलीचं काम अपेक्षा करत होती. दिवसा ती दादरला दुकानात साड्या दाखवायची, आणि आवाज असा की शेवटच्या रांगेतला माणूस डबा उघडायचा थांबेल. धाकटीचा नवरा म्हणून बँकेतला सौमित्र होता. त्याला पाठांतर सोडून सगळं जमायचं.

पहिला प्रवेश छान गेला. सौमित्र दोनदा अडला, नलूताईंनी दोनदा अक्षर दिलं. त्या कधी कुजबुजत नसत. कुजबुजलेला 'स' थेट प्रेक्षकांत जातो. खालच्या पट्टीत, श्वासाबरोबर सोडल्यासारखं त्या एकच अक्षर सोडायच्या आणि पुढचं नटावर सोपवायच्या.

दुसऱ्या प्रवेशात अपेक्षानं आईची परात उचलली. "ही परात..." ती म्हणाली आणि थांबली.

एक सेकंद. दोन. पाच. मेघनानं सासूकडे पाहिलं. नलूताईंची नजर मांडीवरच्या नाटकाच्या वहीवर नव्हतीच. त्या अपेक्षाच्या पायांकडे बघत शांत बसल्या होत्या. मयूरनं मान वळवली, त्याच्या चेहऱ्यावर 'झालंच शेवटी' असं आलं, आणि तो मोठ्यानं ओरडला, "ही परात मी नेणार नाही! पुढे घे, अपेक्षा!"

अपेक्षानं परात दाणकन बाकावर ठेवली. "अरे, मला येत होतं! मी थांबले होते! आई गेलीय तिची. परात हातात आल्यावर काय लगेच डायलॉग फेकू? काय यार, सगळा मूड घालवला!"

"मला वाटलं, मावशी..."

"मावशीला कळलं होतं. म्हणून गप्प होती ती. तुलाच नाही कळलं."

वर्गात हशा पिकला. "मुद्दाम थांबलेला नट टाचेवर उभा असतो," नलूताई म्हणाल्या, "आणि विसरलेला चवड्यावर येतो, पळून जायच्या तयारीत. तोंडाकडे बघायचं नाही. तोंड खोटं बोलतं." मयूरनं दोन्ही कान पकडले. मेघनालाही हसू आलं, पण ते लगेच विरलं. गेले काही दिवस आपण या बाईला एकदाही असं थांबू दिलेलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

तिथेच तालीम संपली असती तर सगळं सोपं होतं. तिसऱ्या प्रवेशात सौमित्र खरोखर अडकला. चवड्यावर आला, हात शर्टाच्या गुंडीवर गेला. नलूताईंनी वहीत पाहिलं आणि त्यांना जागा सापडेना. ओळी होत्या, अक्षरं होती, पण हा कुठला प्रवेश? त्यांनी एक पान उलटलं, मग दोन मागे. पूर्वी त्यांना वही बघावीच लागत नसे. आज वही बघूनही काही उपयोग नव्हता. मयूर मघाच्या फजितीनंतर ओठ घट्ट मिटून होता. शेवटी सौमित्रनंच काहीतरी जोडून वेळ मारून नेली.

चहाच्या वेळी सगळे उगाच मोठमोठ्यानं बोलत होते. नलूताईंनी पेला खाली ठेवला.

"मयूर, इकडे ये. दोन्ही बघितलंस ना?"

"मावशी, होतं असं कधीकधी..."

"थापा मारू नको. कधी द्यायचं ते मला कळतंय. काय द्यायचं ते हातातून सुटतंय. माझ्यातला निम्मा प्रॉम्प्टर शिल्लक आहे." हे त्या इतक्या सरळ म्हणाल्या, जणू साडीला फॉल किती लावायचा राहिला ते सांगताहेत. "उरलेला निम्मा शोधायला पाहिजे. ओळीवर बोट ठेवून बसेल असं कुणीतरी."

"मी आपल्या मंडळातल्या अक्षदाला विचारतो, ती..."

"अक्षदाला नको. ही आहे की." त्यांनी मेघनाकडे हात केला.

"मी?" मेघनानं विचारलं. "आई, मला नाटकातलं काही कळत नाही."

"शब्द द्यायची हौस आहे ना तुला? मग नीट शिक."

पुढचे तीन आठवडे ती शिकत होती. विंगेत आता दोन खुर्च्या असत. मेघनाच्या मांडीवर वही, ओळीवर बोट. नलूताईंची नजर पायांवर आणि तळवा मेघनाच्या मनगटावर. तळवा दाबलेला असला की थांब, उचलला की दे. पहिल्या आठवड्यात मेघना सारखी घाई करायची. तोंडून अक्षर निसटायचं आणि मनगटावर चापट बसायची. "लवकर दिलंस तर त्याला वाटतं, आपल्याला येतच नाही," नलूताई म्हणायच्या. "मग त्याला खरंच येईनासं होतं."

घरी हा नियम कुणी बोलून दाखवला नाही. पण एका सकाळी नलूताई वाटाण्यांच्या उसळीवर डाव घेऊन थबकल्या, काय घालायचं राहिलं ते आठवेना, तेव्हा सुशांत तोंड उघडणार तोच मेघनानं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. बराच वेळ गेला. "आमसुलं," नलूताई म्हणाल्या आणि बरणीकडे वळल्या. दुसऱ्या एका दिवशी मात्र खूप वेळ थांबूनही शब्द आला नाही. मेघनानं नुसतं एक अक्षर दिलं, तरीही नाही. मग तिनं पूर्ण शब्द सांगितला. नलूताई "हां" म्हणाल्या. दोघी कामाला लागल्या.

स्पर्धेच्या दिवशी परळच्या हॉलमध्ये नलूताई गडद जांभळी साडी नेसून आल्या. विंगेत उजळ रंग चालत नाही. पहिल्या अंकात अपेक्षानं परात उचलली आणि ती तालमीतल्यापेक्षाही जास्त थांबली. प्रेक्षागृहात कुणी खोकलं नाही. मेघनाचं बोट 'मी' या अक्षरावर होतं, आणि मनगटावरचा तळवा घट्ट होता. "मी नेणार नाही," अपेक्षा म्हणाली. समोरच्या काळोखात कुणीतरी नाक ओढलं.

सौमित्र चार वेळा अडला. चारही वेळा तळवा उचलला गेला, चारही वेळा अक्षर वेळेवर पोहोचलं.

मध्यंतरात मयूर वाकून विचारून गेला, "मावशी, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? त्या सौमित्रला पाणी दे."

तो गेल्यावर मेघना कपाळ पुसत म्हणाली, "आई, तुमचा हात नसता तर मी आज दहादा बोलून गेले असते."

"हात कायम नाही राहायचा." नलूताई पडद्याच्या दोऱ्यांकडे बघत होत्या. आवाज त्यांचा नेहमीचाच होता, विंगेतला, खालच्या पट्टीतला. "कधीतरी मी इथे बसलेली असेन आणि उचलायचं विसरेन. मग कधीतरी इथे का बसलेय तेही विसरेन. मी विचार केलाय त्याचा. रडून झालंय माझं, दोन दुपारी. तू घाबरायचं नाहीस."

मेघनाला बोलायचं होतं, सांत्वनाची चार-पाच वाक्यं तयारही होती. तिनं ती येऊ दिली नाहीत. ती थांबली.

नलूताईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "हां," त्या म्हणाल्या. "आता जमलं तुला."

बाहेर घंटा झाली. दिवे मंद झाले, माणसं खुर्च्यांवर परतू लागली. मेघनानं दुसऱ्या अंकाचं पान उघडलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मनगट पुढे केलं.